महाराष्ट्रातील समाजनिहाय संशोधन व प्रशिक्षण संस्था

एखाद्या विशिष्ट समाजघटकाच्या शैक्षणिक, सामाजिक व आर्थिक उन्नतीसाठी महाराष्ट्र शासनाने वेळोवेळी स्थापन केलेल्या स्वतंत्र संस्थांना समाजनिहाय संशोधन व प्रशिक्षण संस्था असे संबोधले जाते. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था (टीआरटीआय), अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था (बार्टी), मराठा व कुणबी समाजासाठी छत्रपती शाहू महाराज संशोधन, प्रशिक्षण व मानव विकास संस्था (सारथी), इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था (महाज्योती) आणि खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी महाराष्ट्र संशोधन, उन्नती व प्रशिक्षण प्रबोधिनी (अमृत) या त्यांपैकी प्रमुख होत. महाज्योतीचे मुख्यालय नागपूर येथे आहे. उर्वरित संस्थांचा कारभार प्रामुख्याने पुण्यातून चालतो. २०२४ मध्ये मातंग समाजासाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने ‘आर्टी’ आणि अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या दोन संस्थांची त्यांत भर पडली.

या संस्था स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण, पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती, कौशल्य विकास आणि संबंधित समाजाविषयीचे संशोधन अशी चार कामे करतात. पहिल्या तीन कामांना लाभार्थी असतात, चौथ्याला वाचक असावे लागतात. वर्तमानपत्रांत या संस्थांविषयी जे छापून येते ते बहुतेक पहिल्या तीन कामांबद्दलच असते. २०१८ नंतर या संस्थांची संख्या वेगाने वाढली. त्याबरोबर त्यांची स्वायत्तता, परस्परांतील तुलना आणि मूळ प्रयोजन यांविषयी वादही वाढले.

पूर्वपीठिका

मागास समाजांसाठी शासनाची वेगळी यंत्रणा असावी, हा विचार या प्रांतात नवा नाही. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे या समितीचे एक सदस्य होते. समितीने १९३० मध्ये अहवाल दिला. तीत मागासवर्गांची विभागणी अस्पृश्य वर्ग, आदिम व डोंगरी जमाती आणि इतर मागासवर्ग अशा तीन गटांत करण्यात आली आणि त्यांच्या हितासाठी सरकारी पातळीवर स्वतंत्र व्यवस्था असावी, असे सुचवण्यात आले. त्यानंतर काही काळातच मागासवर्गीयांसाठी वेगळे खाते अस्तित्वात आले. आजच्या समाजकल्याण खात्याची मुळे तेथपर्यंत जातात. बार्टी, टीआरटीआय आणि महाज्योती यांचे लक्षित गट पाहिले तर स्टार्ट समितीची त्रिस्तरीय विभागणी नव्वद वर्षांनंतरही शासनाच्या दप्तरात जिवंत असल्याचे दिसते.

दुसरी परंपरा कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालवण्याचा प्रयत्न केला होता. पण प्रत्यक्षात त्याचा लाभ आधीच शिकलेल्या एकाच वर्गाला मिळू लागला. म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी निरनिराळी वसतिगृहे उभी राहिली. २६ जुलै १९०२ च्या त्यांच्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. सारथीला शाहू महाराजांचे नाव देताना ही परंपरा समोर होती. मात्र एक फरक सहसा सांगितला जात नाही. शाहूंची वसतिगृहे वेगवेगळी असली तरी त्यांतली मुले शिकायला एकाच शाळेत आणि एकाच राजाराम महाविद्यालयात जात असत.

पुण्यात याउलट वळणाचे एक उदाहरणही आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती जात न पाहता ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांना राहण्याजेवणाचा आधार देत आली आहे. ती शासकीय संस्था नाही. तथापि गरज पाहून मदत आणि समाज पाहून मदत ही दोन्ही तत्त्वे या शहरात शेजारी शेजारी नांदत आली आहेत, हे तिच्यावरून कळते.

पुणे हेच केंद्र का

शिक्षण, सहकार, कृषी, साखर आणि समाजकल्याण या खात्यांची आयुक्तालये पुण्यात आहेत. राज्य मागासवर्ग आयोगाचे कार्यालयही येथेच आहे. मंत्रालय मुंबईत असले तरी राज्याच्या कारभाराची बरीचशी हातघाईची कामे पुण्यातून होतात. दुसरे कारण सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या भागात सापडते. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेली हजारो मुले-मुली येथे खाटेच्या भाड्यावर राहतात, मेसमध्ये जेवतात आणि अभ्यासिकेत दिवस काढतात. त्यांच्यासाठी ही कार्यालये चालत जाण्याच्या नाही तरी बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत. आंदोलनेही त्यामुळेच पुण्यात लवकर पेटतात.

टीआरटीआय ही यांतली सर्वांत जुनी संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. पुणे रेल्वे स्थानकाजवळच्या क्वीन्स गार्डन परिसरात ती आहे आणि तिचे आदिवासी सांस्कृतिक संग्रहालय अभ्यासकांना परिचित आहे. बार्टीचा उगम १९७८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘समता विचारपीठ’ या संस्थेत आहे. पुढे ती पुण्यात आली आणि २००८ मध्ये तिला स्वायत्त दर्जा मिळाला. बार्टीही क्वीन्स गार्डनमध्येच आहे. अधिछात्रवृत्ती, येरवडा संकुलातील प्रशिक्षण, गावोगाव फिरणारे समतादूत, संविधानाच्या प्रतींचे प्रकाशन आणि जिल्हा जात पडताळणी समित्यांच्या कामाचे समन्वयन अशा कामांमुळे बार्टीचे नाव ग्रामीण भागात पोचले. नंतर आलेल्या सर्व संस्थांनी आपली योजना आखताना बार्टीचाच नमुना समोर ठेवला.

सारथीची स्थापना

१३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. त्यानंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला आणि पुढील काही महिन्यांत राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. पुण्यातील मोर्चा २५ सप्टेंबर २०१६ रोजी झाला. आरक्षण ही या मोर्चांची प्रमुख मागणी होती. पण आरक्षणाचा निर्णय न्यायालयाच्या कसोटीला उतरण्यास वेळ लागणार, हे शासनालाही ठाऊक होते. त्या मधल्या काळात जे देता येण्यासारखे होते त्यात बार्टीच्या धर्तीवर मराठा समाजासाठी स्वतंत्र संस्था देण्याचा समावेश होता. तिचे स्वरूप ठरवण्यासाठी संतसाहित्य व इतिहासाचे अभ्यासक डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.

२५ जून २०१८ रोजी, म्हणजे शाहू जयंतीच्या आदल्या दिवशी, कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ८ खाली सारथीची नोंदणी झाली. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी व कुणबी-मराठा हा तिचा लक्षित गट ठरला. गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरील बालचित्रवाणीच्या वास्तूत तिला जागा मिळाली. बालचित्रवाणी ही शालेय मुलांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रम तयार करणारी शासकीय संस्था होती. दुपारच्या वेळी तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी वाढली. निधीअभावी ती क्षीण होत गेली आणि २०१७ मध्ये बंद पडली. एका शासकीय संस्थेच्या रिकाम्या खोल्यांत दुसरीचा संसार सुरू झाला, यात योगायोगाचा भाग मोठा असला तरी निधी आटल्यावर संस्थांचे काय होते याचा धडा नव्या संस्थेला भिंतींवरच वाचायला मिळाला असता.

कलम ८ खालील कंपनी म्हणजे नफा न वाटणारी, लोकहितासाठी चालणारी कंपनी. तिला संचालक मंडळ असते, व्यवस्थापकीय संचालक असतो, हिशेब स्वतंत्र असतात. शासकीय खात्याला प्रत्येक खर्चासाठी जी मान्यतेची पायरी चढावी लागते ती येथे काही अंशी टळते. हा तिचा लाभ आहे. उणीव अशी की ही संस्था विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून जन्मलेली नाही. राज्य मागासवर्ग आयोगाला २००५ च्या अधिनियमाचा आधार आहे. सारथी वा महाज्योती यांना तसा आधार नाही. मंत्रिमंडळाने जे शासन निर्णयाने दिले ते दुसऱ्या शासन निर्णयाने आकसू शकते. हा धोका केवळ तात्त्विक नव्हता, हे दीड वर्षातच दिसून आले.

स्वायत्ततेचा वाद

२०१९ च्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाले. त्याच सुमारास इतर मागास बहुजन कल्याण विभागाने सारथीच्या खर्चावर आणि निर्णयांवर बंधने घालणारे आदेश काढले. संस्थेत अनियमितता झाल्याचे आरोप झाले आणि संस्थेची स्वायत्तता संपुष्टात आणली जात असल्याचा प्रत्यारोपही झाला. या काळात संस्थेचे व्यवस्थापकीय संचालक डी. आर. परिहार यांना पद सोडावे लागले. अधिछात्रवृत्तीचे पैसे थकले. निवड होऊन प्रशिक्षण घेतलेल्या ‘तारादूत’ स्वयंसेवकांचे काम थांबले. महाराणी ताराबाईंच्या नावाचा हा उपक्रम बार्टीच्या समतादूतांच्या धर्तीवर गावपातळीवर काम करण्यासाठी आखला होता. नेमणुकीच्या प्रतीक्षेत असलेल्या तारादूतांनी पुढे पुण्यातील सारथी कार्यालयासमोर अनेकदा आंदोलने केली.

११ जानेवारी २०२० रोजी तत्कालीन खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी सारथी कार्यालयापुढे लाक्षणिक उपोषण केले. मंत्री एकनाथ शिंदे यांनी तेथे येऊन स्वायत्तता कायम राहील असे आश्वासन दिल्यानंतर उपोषण सुटले. पण आश्वासनाने तिजोरी भरत नाही. करोनाच्या पहिल्या लाटेत निधीचा प्रश्न पुन्हा चिघळला. ९ जुलै २०२० रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मंत्रालयात बैठक घेऊन सारथीला ८ कोटी रुपये तातडीने देण्याची घोषणा केली आणि संस्था इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडून काढून नियोजन विभागाकडे देण्याचा निर्णय झाला.

या निर्णयाचे दोन अर्थ लावले गेले. एक असा की ज्या विभागाचा मंत्री इतर मागासवर्गाच्या हिताची भूमिका घेतो त्याच्याकडे मराठा समाजाची संस्था ठेवणे दोघांनाही अवघड करणारे होते. म्हणून हा बदल व्यवहार्य ठरला. दुसरा असा की संस्थेचा जीव तिच्या घटनेत नसून ती कोणत्या मंत्र्याच्या अखत्यारीत आहे यावर अवलंबून आहे, हे शासनाने स्वतःच मान्य केले. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. नियोजन विभागाकडे गेल्यावर संस्थेचा निधी वाढला, जून २०२१ मध्ये कोल्हापूर येथे उपकेंद्र सुरू झाले, अन्य शहरांतही विस्तार झाला. स्वायत्ततेची लढाई अशा रीतीने खातेबदलाने मिटली. स्वायत्ततेची कायदेशीर तरतूद मात्र तशीच राहिली.

अधिछात्रवृत्ती आणि ‘समान धोरण’

संस्था वेगवेगळ्या झाल्या की त्यांची तुलना होणे अटळ असते. एखाद्या विद्यापीठात एकाच मार्गदर्शकाकडे, एकाच प्रयोगशाळेत काम करणारे तीन विद्यार्थी तीन निरनिराळ्या संस्थांचे अधिछात्र असतात. कुणाची रक्कम महिन्याच्या महिन्याला जमा होते, कुणाची वर्षभर अडकते, कुणाच्या संस्थेने नोंदणी केलेल्या सर्वांना पात्र ठरवले, कुणाच्या संस्थेने दोनशेवर रेघ ओढली, हे सारे त्यांना एकमेकांच्या तोंडून कळते. सारथी व महाज्योतीने आपल्या उमेदवारांना सरसकट अधिछात्रवृत्ती दिली, मग बार्टीत जागांची मर्यादा का, असा प्रश्न २०२३ मध्ये बार्टीच्या ८६१ संशोधकांनी मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घ आंदोलन करून विचारला. मराठा समाजाच्या संस्थेला अधिक निधी मिळतो, ही तक्रार इतर मागासवर्गातील संघटनांचीही होती. सारथीचे विद्यार्थी नेमकी उलट तक्रार करीत.

या सगळ्यावर उपाय म्हणून शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्व संस्थांसाठी सर्वंकष समान धोरण स्वीकारले. जागांची संख्या, रक्कम, पात्रता आणि निवडीची पद्धत यांत सुसूत्रता आणण्याचा त्याचा हेतू होता. बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्यासाठी अधिछात्रवृत्तीची संख्या प्रत्येकी २०० अशी मर्यादित झाली. डिसेंबर २०२३ मधील नागपूर अधिवेशनात विधान परिषदेत या कपातीवर चर्चा झाली, तेव्हा पीएच.डी. करणाऱ्यांविषयी अजित पवार यांनी काढलेल्या उद्गारांवरून राज्यभर संताप उमटला आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. उद्गार लवकर विसरले गेले. त्यामागचा प्रश्न मात्र रास्त होता : एकाच कुटुंबातील अनेकांनी अधिछात्रवृत्ती घ्यावी का, आणि शासनाच्या पैशाने होणाऱ्या संशोधनाचे विषय कोणते असावेत. तो प्रश्न संतापाच्या गदारोळात कुणीच नीट चर्चिला नाही.

नव्या धोरणानुसार २४ डिसेंबर २०२३ रोजी तिन्ही संस्थांसाठी सामाईक चाळणी परीक्षा झाली. परीक्षेत आलेली प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच असल्याचे विद्यार्थ्यांनी उघडकीस आणले. परीक्षा रद्द झाली. १० जानेवारी २०२४ रोजी ती पुन्हा घेण्यात आली, तेव्हा काही प्रश्नपत्रिकांची पाकिटे मोहोरबंद नसल्याचा आक्षेप घेत पुण्यासह अनेक केंद्रांवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. या दोन्ही वेळी एक गोष्ट घडली जी कोणत्याही धोरणात लिहिलेली नव्हती. बार्टी, सारथी आणि महाज्योतीचे विद्यार्थी प्रथमच एका फाटकापुढे, एका मागणीसाठी एकत्र उभे राहिले. समाजनिहाय संस्थांनी त्यांना वेगळे केले होते. सामाईक परीक्षेच्या गोंधळाने त्यांना एकत्र आणले.

समान धोरणाने एक जुना प्रश्न नव्याने उभा केला. सर्व संस्थांच्या योजना एकच, परीक्षा एकच, रक्कम एकच आणि जागाही समसमान असतील, तर स्वतंत्र संस्थांचे प्रयोजन काय उरते? प्रत्येकीचा व्यवस्थापकीय संचालक वा महासंचालक, प्रत्येकीची इमारत, संकेतस्थळ, बाह्यस्रोतातून घेतलेले कर्मचारी आणि जाहिरातींचा खर्च वेगळा. अर्जदाराला मिळणारे मात्र तेच. शिवाय समसमान जागा म्हणजे न्याय असेही नाही, कारण लक्षित गटांची लोकसंख्या समान नाही. महाज्योतीच्या कक्षेत शेकडो जाती व जमाती येतात. त्या सर्वांसाठी २०० आणि दुसऱ्या संस्थेच्या तुलनेने लहान गटासाठीही २००, ही समानता कागदावर जितकी नीटस दिसते तितकी ती नाही.

स्वतंत्र संस्थांच्या बाजूचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. परभणी किंवा सांगोल्याच्या एखाद्या शेतकरी कुटुंबातील मुलीला दिल्लीत राहून संघ लोकसेवा आयोगाची तयारी करता येते, ही कल्पनाच काही वर्षांपूर्वी त्या घरात शिरली नसती. आपल्या नावाची, आपल्या समाजातील महापुरुषाची तसबीर लावलेली एक कचेरी आहे, तेथे अर्ज घेऊन गेल्यास कुणी हुसकावून लावणार नाही, या भावनेचे मोल आकड्यांत मोजता येत नाही. सामाईक योजनांच्या रांगेत सर्वांत मागे राहिलेल्यांना पुढे यायला वेगळी खिडकी लागते, हा शाहूंच्या वसतिगृहांचाच अनुभव होता. प्रश्न खिडकीचा नसून खिडक्यांच्या संख्येचा आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात लिंगायत, गुरव, वडार व रामोशी समाजांसाठी आर्थिक विकास महामंडळे जाहीर झाली. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सप्टेंबर २०२४ मध्ये ब्राह्मण आणि राजपूत समाजांसाठी अशाच महामंडळांना मान्यता मिळाली. नाव मिळाले म्हणजे निधी मिळाला असे होत नाही, हे अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या उदाहरणावरून जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. ते महामंडळ १९९८ मध्ये स्थापन झाले, पण त्याच्या कर्जयोजनांना खरा वेग मोर्चांच्या नंतरच आला.

परदेशातील समांतर व्यवस्था

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राज्यांत स्पॅनिश भाषक मूळ असलेल्या नागरिकांसाठी, म्हणजे हिस्पॅनिक किंवा लॅटिनो समाजासाठी, राज्य शासनाच्या स्वतंत्र यंत्रणा आहेत. वॉशिंग्टन राज्यात १९७१ मध्ये मेक्सिकन-अमेरिकन लोकांसाठी आयोग स्थापन झाला. १९८७ मध्ये त्याचे हिस्पॅनिक व्यवहार आयोगात रूपांतर झाले. मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने १९७८ मध्ये असेच मंडळ स्थापन केले. या यंत्रणा आकाराने लहान असतात. आरोग्य, शिक्षण, मजुरी या खात्यांचे निर्णय त्या समाजावर कसा परिणाम करतात हे राज्यपालांना आणि विधिमंडळाला सांगणे, हे त्यांचे मुख्य काम आहे. वाटप हे त्यांचे काम नव्हे. तेथील राज्यपाल हे राज्याच्या कार्यकारी सत्तेचे निर्वाचित प्रमुख असतात, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

महाराष्ट्रात नेमके उलट घडले. येथील संस्थांकडे पैसा व योजना आहेत. पण सहकार, कृषी किंवा उच्च शिक्षण खात्याच्या एखाद्या निर्णयाने आपल्या लक्षित गटाचे नुकसान होत आहे, असे अधिकाराने सांगण्याचे काम त्यांच्याकडे सोपवलेले नाही. मराठा-कुणबी समाजाचा मोठा भाग कोरडवाहू शेतीवर जगतो. पीकविमा, सिंचन आणि शेतीकर्ज यांविषयीचा शासनाचा कोणताही निर्णय त्या समाजावर दोनशे अधिछात्रवृत्त्यांपेक्षा कितीतरी अधिक परिणाम करतो.

कुणबी : दोन कक्षांतील समाज

सारथीच्या लक्षित गटात कुणबी आहेत. कुणबी इतर मागासवर्गाच्या यादीतही आहेत, म्हणून महाज्योतीच्या कक्षेतही येतात. विदर्भ व कोकणातील कुणब्यांची ओळख बहुतांशी इतर मागासवर्गीय म्हणून घडलेली आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात तीच सीमारेषा पुसट आहे. जोवर कुणबी दाखला मिळणे दुर्मीळ होते तोवर ही दुहेरी कक्षा केवळ तांत्रिक बाब होती.

२०२३ पासून ती तशी राहिली नाही. मनोज जरांगे यांच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली आणि गावोगावच्या दप्तरांतील मोडी लिपीतील जुनी कागदपत्रे बाहेर निघाली. जरांगे यांनी २९ ऑगस्ट २०२५ रोजी आझाद मैदानावर सुरू केलेल्या उपोषणानंतर, २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद संस्थानच्या गॅझेटियरमधील नोंदींच्या आधारे मराठवाड्यातील मराठा समाजातील पात्र व्यक्तींना कुणबी दाखले देण्याची कार्यपद्धती ठरवली. छगन भुजबळ यांच्यासह इतर मागासवर्गातील नेत्यांनी तिला विरोध केला. त्यानंतर इतर मागासवर्गाच्या प्रश्नांसाठी चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळ उपसमिती नेमण्यात आली. मराठा समाजाच्या प्रश्नांवरील उपसमिती राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे होती. म्हणजे एकाच मंत्रिमंडळात दोन समाजांसाठी दोन उपसमित्या झाल्या, हेही समाजनिहाय संस्थांच्याच रचनेचे वरच्या मजल्यावरील प्रतिबिंब म्हणता येईल.

दाखला बदलला की माणसाची संस्थाही बदलते. काल सारथीचा असलेला विद्यार्थी उद्या महाज्योतीकडेही अर्ज करू शकतो. एकाच व्यक्तीला दोन्हीकडून लाभ घेता येत नसला तरी निवडीची मोकळीक त्याला मिळते, आणि त्याच्या शेजारच्या माळी, धनगर किंवा वंजारी विद्यार्थ्याला ती मिळत नाही. महाज्योतीच्या जागांवर येणारा ताण वाढला तर त्याची झळ तिच्या कक्षेतील सर्वांत लहान जातींना, म्हणजे ज्यांच्याकडे ना संघटना आहे ना आमदार, त्यांना प्रथम बसेल. आरक्षणाच्या वादात ज्या प्रश्नावर सभा आणि मोर्चे होतात, त्याचे हे धाकटे रूप कोणत्याही सभेत ऐकू येत नाही.

संशोधनाची बाजू

पाचही संस्थांच्या नावात ‘संशोधन’ हा शब्द आहे. टीआरटीआयचा अपवाद वगळता, ज्या संशोधनाचा आधार घेऊन शासनाने मोठे निर्णय घेतले असे काम या संस्थांतून फारसे पुढे आलेले नाही. याचे ठळक उदाहरण जानेवारी २०२४ मधील सर्वेक्षणाचे आहे. मराठा समाजाचे मागासलेपण तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती सुनील शुक्रे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य मागासवर्ग आयोगाने २३ जानेवारीपासून राज्यभर घरोघरी माहिती गोळा केली. दीड कोटीहून अधिक कुटुंबांपर्यंत हे सर्वेक्षण पोचले. घरोघर फिरणारे प्रगणक शिक्षक व शासकीय कर्मचारी होते आणि तांत्रिक साहाय्य पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचे होते. ही संस्था १९३० पासून अशा पाहण्या करीत आली आहे. या अहवालावर आधारित १० टक्के आरक्षणाचा कायदा २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि त्याला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले.

५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याआधीचा मराठा आरक्षण कायदा रद्द ठरवला, तेव्हा गायकवाड आयोगाने मांडलेली आकडेवारी ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी अपवादात्मक परिस्थिती सिद्ध करीत नाही, असे मत व्यक्त झाले होते. तोवर सारथी स्थापन होऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती. समाजातील शिक्षणाची गळती, जमीनधारणेचे तुकडे होण्याचा वेग, शेतकरी आत्महत्यांनंतर कुटुंबांचे होणारे हाल, शहरातील हमाली व माथाडी कामांतील प्रमाण यांची वर्षानुवर्षे, एकाच पद्धतीने, निवडणुकांच्या वेळापत्रकाशी संबंध न ठेवता नोंद करणारी संस्था हाताशी असती, तर प्रत्येक आयोगाला दहा दिवसांत कोट्यवधी घरांची दारे ठोठावण्याची वेळ आली नसती. अशी नोंद एका अर्थसंकल्पात दिसत नाही. विद्यावेतन मिळालेल्या मुलाचे छायाचित्र त्याच वर्षी दिसते.

अधिछात्रवृत्ती घेऊन पूर्ण झालेल्या प्रबंधांचे पुढे काय होते, याकडेही कमी लक्ष दिले गेले आहे. सारथी, बार्टी आणि महाज्योती यांच्या साहाय्याने गेल्या काही वर्षांत मराठी समाजजीवनाच्या नाना अंगांवर काम झाले आहे. हे प्रबंध निरनिराळ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत विखुरलेले आहेत. एखाद्या तालुक्यातील ऊसतोड कामगारांवर सारथीच्या अधिछात्राने आणि त्याच तालुक्यातील त्याच कामगारांवर महाज्योतीच्या अधिछात्राने लिहिले असेल, तर ते दोघे एकमेकांचे काम वाचतील अशी सोय त्यांच्या संस्थांनी केलेली नाही. टोळीत मात्र मराठा, वंजारी आणि दलित मजूर एकाच मुकादमाकडून उचल घेतात आणि एकाच फडात कोयता चालवतात.